वंशाचा दिवा आणि जिलबीचा रंग

आठवड्याच्या बाजारांत एकदां डोळे उघडे ठेवून फिरावें. एका कडेला जिलबीवाला बसलेला असतो. त्याच्या जिलबीचा रंग असा कीं, देवळावरची पताका तिच्यापुढें फिकी पडावी. त्याच्या पलीकडे कापडाची राहुटी ठोकून एक 'खानदानी वैद्य' बसलेला असतो. त्याच्यापुढें मुळ्या, साली व वाळल्या पाल्याच्या पुड्या मांडलेल्या असतात, आणि पाटीवर 'मर्दानी ताकद' व 'हमखास संतति' हीं अक्षरें हातहातभर रंगविलेलीं असतात. त्याच्याही पलीकडे देवळाच्या ओट्याशीं एक देवऋषी तांदळाचे दाणे मोजीत असतो, व त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर सांवरीत एखादी पोर खालीं मान घालून बसलेली असते. लग्नाला चारपांच वर्षें झालीं, पाळणा हलला नाहीं, म्हणून सासूनें तिला तेथें आणून बसविलेली असते. तिचा दादला त्या वेळीं कोठें असतो? तो जिलबी खात असतो!

ह्या तिन्ही दुकानांचें गिऱ्हाईक एकच आहे. एकाच घरचा पैसा तिघांच्या गल्ल्यांत जातो. पहिला आपल्या पोटांत काय घालतो हें कोणी विचारीत नाहीं, दुसरा पुडींत काय बांधून देतो हें कोणी तपाशीत नाहीं, आणि तिसऱ्याच्या पुढें जी बसते तिला तोंड उघडण्याची सोय नाहीं. आज आम्हांला ह्या तिन्ही दुकानांचा हिशेब एकदम मांडावयाचा आहे. कारण तो निरनिराळा मांडला म्हणजे तिघेही साळसूद ठरतात.

आमच्या पाहण्यांतील एका घरची हकीकत सांगतों. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. प्रत्येक गांवांत असें एक घर आहेच. मुलगा कर्तबगार, चार एकर बागाईत, व्यसन म्हणाल तर एक तंबाखूचें. लग्न होऊन सहा वर्षें झालीं. ह्या सहा वर्षांत त्या मुलीनें नवस किती केले, सोमवार किती धरले, अंगारे किती खाल्ले ह्याची मोजदाद नाहीं. तालुक्याच्या दवाखान्यांत तिची दोनदां तपासणी झाली. पोटांत दुर्बीण घालून पाहण्यासाठीं एक दुभती म्हैस विकावी लागली. दोष निघाला नाहीं, तरी बोल गेला नाहीं. ओटीभरणाला तिला बोलावणें येईनासें झालें. अखेर दुसरी सोयरीक पाहण्याची कुजबूज सुरू झाली. तेव्हां गांवच्या आशाताईनें सासूला भर अंगणांत विचारलें, "मावशी, सगळें करून झालें, पण तुमच्या लेकाची तपासणी केली कां?" दोन दिवस त्या घरांत चूल धड पेटली नाहीं. पुरुषाची तपासणी! ही विचारपूस झाली कीं शिवी झाली? पण मुलगा समंजस निघाला. तो मुकाट्यानें जाऊन आला. कांहींशें रुपये व अर्धा दिवस खर्ची पडला, आणि निकाल आला कीं, शुक्रजंतूंची संख्या फारच कमी आहे. पुढें त्या घरांत पाळणा हलला कीं नाहीं, हा ह्या लेखाचा विषय नव्हे. म्हैस विकण्यापूर्वीं जें अर्ध्या दिवसांत कळलें असतें, तें कळावयास सहा वर्षें लागलीं, आणि तीं सहा वर्षें त्या मुलीच्या आयुष्यांतून वजा झालीं, हा विषय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें दर सहा प्रौढ माणसांपैकीं एकाला आयुष्यांत केव्हांना केव्हां ही अडचण सोसावी लागते. आणि ज्या जोडप्यांना मूल होत नाहीं, त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे दोष सांपडतो. कोठें त्याच्या एकट्याकडे, कोठें दोघांकडे. निम्म्या जोडप्यांत! मग निम्म्या देवऋष्यांपुढें पुरुष कां बसलेले दिसत नाहींत? आपल्या भाषेनेंही ह्या कामीं पक्षपात केला आहे. बाईला 'वांझ' म्हणावयास जीभ लगेच वळते. पुरुषासाठीं तसा सरळ शब्दच नाहीं, असते ती 'नामर्द' ही शिवी. वास्तविक ह्या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. अंगांत पैलवानाची रग असलेल्या, संसारांत कसलीही उणीव नसलेल्या पुरुषाच्या वीर्यांतही शुक्रजंतु थोडे असूं शकतात किंवा मुळींच नसूं शकतात. हें डोळ्यांना दिसत नाहीं, अंगाला जाणवत नाहीं. तें सूक्ष्मदर्शकाखालींच कळतें. सबब तपासणीला जाण्यांत मर्दपणा जात नाहीं. तपासणीला न जातां बायकोला जाचांत ठेवण्यांत मात्र तो खात्रीनें जातो.

आणि हा धडा महाराष्ट्राला कोणी परक्यानें शिकविण्याची गरज नव्हती. जोतीराव फुले व सावित्रीबाई ह्यांना मूल झालें नाहीं. दुसरें लग्न करावें म्हणून जोतीरावांना आप्तांनीं आग्रह केला, तेव्हां दोष बायकोचाच कशावरून, आणि तो नवऱ्याचा निघाला तर बायकोनें दुसरा नवरा केलेला तुम्हांला चालेल काय, अशा अर्थाचा उलट सवाल त्यांनीं टाकला, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पुढें त्यांनीं एका विधवेच्या यशवंत नांवाच्या मुलाला आपलें मूल केलें, आणि तो यशवंत शिकून डॉक्टर झाला. त्या काळीं गांवोगांव प्रयोगशाळा नव्हत्या, न्यायबुद्धि होती. आज प्रयोगशाळा तालुक्याला आल्या, आणि न्यायबुद्धि आम्ही बाजारांत हरवून बसलों!

आतां पहिल्या दुकानाकडे वळूं. जिलबीच्या रंगाचा आणि संततीचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो समजण्यासाठीं शुक्रजंतु ही काय चीज आहे हें थोडें पाहिलें पाहिजे. एक शुक्रजंतु वृषणांत तयार होण्यास सुमारें ७४ दिवस लागतात, व पुढें पक्का होण्यास आणखी कांहीं दिवस जातात. म्हणजे आज पुरुष जें खातो, चघळतो, पितो व ओढतो, त्याचा जाब दोनअडीच महिन्यांनीं त्याचें वीर्य देतें. वृषणाला शरीरापेक्षां दोनचार अंश थंडावा लागतो, म्हणून निसर्गानें तो शरीराबाहेर टांगला आहे. आणि शुक्रजंतूचें बाहेरचें कातडें अशा नाजूक स्निग्धांचें बनलेलें असतें कीं, त्याला प्राणवायूचा मारा फार सोसत नाहीं. शेंगदाणे उघडे ठेवले म्हणजे कांहीं दिवसांनीं खवट होतात. तेलाला वारा लागला म्हणजे त्याचा वास फिरतो. शुक्रजंतूच्या कातड्याचें नेमकें हेंच होतें. तें 'खवट' झालें कीं त्याची शेपटी नीट हालत नाहीं, आणि आंतील वंशाचा मसुदाही फाटतो. १९४३ सालींच मॅक्लिऑड नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें होतें कीं, भरपूर प्राणवायूंत ठेवलेले मानवी शुक्रजंतु आपली चळवळ लवकर गमावून बसतात.

ह्या खवटपणाला जो अडवितो त्याला शास्त्राच्या भाषेंत अँटिऑक्सिडंट म्हणतात. नांव मोठें, पण वस्तु आपल्या बांधावरची आहे. झाडाचें पान दिवसभर उन्हांत उभें असतें आणि स्वतःच प्राणवायु तयार करीत असतें. त्याला स्वतःचा बचाव करावा लागतो. म्हणून पानांत, फळाच्या सालींत, बियांच्या तेलांत, कांद्यांत, हळदींत हे रक्षक साठलेले असतात. ह्यांपैकीं एकाचा इतिहास तर आपल्या विषयाशीं थेट जुळतो. १९२२ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांत इव्हान्स व कॅथरिन बिशप हीं दोघें उंदरांना पोसत होतीं. दाणापाणी चांगलें असूनही उंदरांना पिलें होईनात. लेट्यूस नांवाच्या भाजीचीं हिरवीं पानें घातलीं, गव्हाचा अंकुर घातला, आणि पिलें होऊं लागलीं. त्या अन्नघटकाला पुढें ई जीवनसत्त्व म्हणूं लागले. तें न मिळाल्यास नराचे वृषण सुकतात, हेंही पुढें दिसून आलें. त्याचें शास्त्रीय नांव टोकोफेरॉल. त्यांतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बाळंतपण असा आहे.

ह्याच धाग्यानें गेल्या कांहीं दशकांत ईजिप्त, नायजेरिया व आपला देश येथील शास्त्रज्ञांनीं उंदरांवर पुष्कळ प्रयोग केले. एका गटाला टार्ट्राझीनसारखा पिवळा रंग, किंवा चिनी पदार्थांत चवीसाठीं घालतात तें मोनोसोडियम ग्लुटामेट, किंवा मांस टिकविण्याचें सोडियम नायट्राइट मोठ्या प्रमाणांत कांहीं आठवडे दिलें. त्यांचे शुक्रजंतु घटले, वृषणाच्या पेशी बिघडल्या व खवटपणाच्या खुणा वाढल्या. दुसऱ्या गटाला रंगाबरोबर एखाद्या वनस्पतीचा अर्क दिला. त्यांचें नुकसान पुष्कळ कमी झालें. अशा निबंधांचा सारांश एका ओळींत सांगावयाचा तर, रंगानें मोडलें आणि पाल्यानें सांवरलें!

वाचकहो, येथेंच सावध राहिलें पाहिजे. ह्या एका ओळीवर एकीकडून भीतीचा आणि दुसरीकडून पुडीचा असे दोन धंदे चालतात. पहिल्यानें भीतीचा हिशेब करूं. आपल्या देशांत आठ कृत्रिम रंगांना कायद्याची परवानगी आहे. टार्ट्राझीन त्यांतला एक. बहुतेक पदार्थांत त्याची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीनें २०१६ सालीं ठरविलेलें रोजचें सुरक्षित प्रमाण शरीराच्या दर किलो वजनास १० मिलिग्रॅमपर्यंत आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम. कायद्याच्या मापानें रंगविलेली मिठाई त्यानें रोज सहा किलो खाल्ली, तर तो त्या रेषेवर पोंचेल. सहा किलो मिठाई रोज खाणाऱ्यास रंगाआधीं साखरच नेईल! सबब लग्नाच्या पंगतींत दोन पिवळे लाडू खाल्ले म्हणून कोणाचा वंश बुडत नाहीं, आणि माणसांत असा दोष ह्या परवानगीच्या रंगांनीं होतो हें सिद्ध झालेलेंही नाहीं.

पण हा हिशेब कोणाच्या मापाचा? कायद्याच्या. आमच्या बाजारांतल्या कढईपाशीं तराजू असतो तो जिलबी तोलण्याचा. रंग तोलण्याचा नसतो. तेथें माप म्हणजे चिमूट, आणि चिमूट ज्याच्या त्याच्या बोटांएवढी. दसपट रंग पडला, तर दहा किलो वजनाच्या पोराची मर्यादा शंभर ग्रॅम मिठाईंत संपते. बरें, रंग तरी परवानगीचा असतो काय? मेटॅनिल यलो हा कापड व कातडें रंगविण्याचा रंग. त्याला अन्नांत मुळींच परवानगी नाहीं. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेनें वर्षानुवर्षें बाजारांतले नमुने तपासले, त्यांत बेकायदा रंगांमध्यें हा वारंवार सांपडला. कर्नाटक सरकारनें २०२४ च्या मार्चमध्यें गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर व म्हातारीच्या कापसांतील रोडामाइन-बी ह्या रंगावर बंदी घातली, ती नमुने तपासून, आणि त्या तपासणींत निम्म्याहून अधिक नमुने खराब निघाले होते. मग 'उंदरांना दिलें तें प्रमाण फार मोठें होतें' असें म्हणून हात झटकणाऱ्यांनीं आधीं आमच्या कढईंतलें प्रमाण किती आहे तें सांगावें!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हें खरें. पण उंदराला हंसणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जमिनींतील सूत्रकृमि मारण्याचें डीबीसीपी नांवाचें औषध अमेरिकेंत खपत होतें. त्यानें उंदरांचे वृषण सुकतात, हें १९६१ सालींच छापून आलें होतें. कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १९७७ सालीं कॅलिफोर्नियांत लॅथ्रॉप येथील कारखान्यांतील कामगारांच्या आपसांत बोलतां बोलतां ध्यानांत आलें कीं, आपल्यापैकीं कोणालाच अलीकडे मूल झालें नाहीं. तपासणी केली तों कित्येकांच्या वीर्यांत शुक्रजंतु मुळींच नव्हते. उंदीर सोळा वर्षें आधीं बोलला होता. पण त्याची भाषा कारखानदाराला नफ्यातोट्यांत समजली नाहीं. येथें एक गोष्ट विशेष आहे. त्या कामगारांनीं बायकांना देवऋष्याकडे नेलें नाहीं. त्यांनीं स्वतःची तपासणी मागितली, आणि त्यामुळेंच गुन्हा उघडा पडला. पुरुष तपासणीला गेला नाहीं, तर विष कोठून येतें तें कधींच कळत नाहीं. बायकोवरचा बोल हा नुसता बायकोवर अन्याय नाहीं, तें विष विकणाऱ्याला दिलेलें अभयपत्र आहे.

आतां पुडीचा धंदा. राहुटींतला वैद्य बिचारा गरीब. त्याचा खरा भाऊबंद शहरांत औषधांच्या दुकानांत काचेच्या कपाटांत बसला आहे. डब्यावर पानाफुलांचें चित्र, 'अँटिऑक्सिडंट' हा इंग्रजी मंत्र आणि किंमत अशी कीं, महिन्याच्या डब्यांत घरची दोन महिन्यांची भाजी यावी. उंदराचा निबंध दाखवून माणसाला पुडी विकावयाची, ही त्याची विद्या. पण माणसांवर प्रयोग झाले आहेत, त्यांचें नांव तो काढीत नाहीं. अमेरिकेंत २३७० जोडप्यांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगांत पुरुषांना सहा महिने जस्त व फोलिक आम्ल दिलें. निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. जीं मुलें झालीं तीं औषध घेणाऱ्यांना ३४ टक्के व नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांना ३५ टक्के! त्याच वर्षीं दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत क व ई जीवनसत्त्वें, सेलेनियम, टोमॅटोंतील लायकोपीन वगैरे सगळी फौज एका गोळींत भरली होती. शुक्रजंतूंत फरक पडला नाहीं. लहान लहान प्रयोगांत कांहीं आशा दिसते, नाहीं असें नाहीं; पण तेवढ्यावर 'हमखास संतति' ही पाटी रंगविणें म्हणजे निव्वळ लबाडी आहे.

मग पालाभाजी खाणें व्यर्थ काय? मुळींच नाहीं. गोळी निराळी आणि अन्न निराळें. कॅलिफोर्नियांत ११७ निरोगी तरुणांपैकीं निम्म्यांना बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खावयास दिले, तेव्हां त्यांच्या शुक्रजंतूंची हालचाल व घडण सुधारली, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. त्या प्रयोगाला अक्रोड पिकविणाऱ्यांच्या मंडळाचा पैसा होता, हेंही वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पैसा कोणाचा हें विचारण्याची संवय सगळ्याच शास्त्राच्या बाबतींत बरी. तरीपण त्यांतलें तत्त्व साधें आहे. आणि आपल्याला अक्रोड शोधीत हिंडण्याची गरज नाहीं. मध्यम आकाराच्या एका पेरूंत दिवसाचें क जीवनसत्त्व भागून उरतें. आवळा आहे, लिंबूं आहे, शेवग्याचा पाला आहे, करडईचें तेल आहे, शेंगदाणा आहे. पण आपली तऱ्हा अशी कीं, दारचा पेरू टोपलींत भरून शहराला पाठवावयाचा आणि आलेल्या पैशांतून पोरांना रंगीत पाण्याची बाटली व लाल कुरकुरीत पाकीट आणावयाचें!

'वनस्पति' म्हटलें कीं तें निर्धोकच, असाही एक भ्रम पुडीवाल्यांनीं पसरविला आहे. सरकी ही वनस्पतिच आहे ना? चीनमध्यें १९५० नंतर कांहीं खेड्यांत सरकीचें कच्चें, न शुद्ध केलेलें तेल खाण्यांत आलें, आणि त्या खेड्यांत पाळणे हलेनासे झाले. कारण सरकींतील गॉसिपोल हें द्रव्य शुक्रजंतूंचा नाश करतें. पुढें तेथें त्याची पुरुषांसाठीं संततिनियमनाची गोळी करून हजारों पुरुषांवर प्रयोग झाले. पण रक्तांतील पोटॅशियम घटूं लागलें आणि कित्येकांची प्रजननशक्ति कायमचीच गेली, म्हणून १९८६ च्या सुमारास तो नाद सोडावा लागला. शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलांत हें द्रव्य राहत नाहीं, तेव्हां विदर्भाच्या वाचकांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, राहुटींतल्या मुळीला 'झाडपाल्याचें आहे, अपाय नाहीं' हें प्रमाणपत्र कोणी दिलें? उलट नुकसान करणारी पुडी घरांत आणून तिच्यासाठीं म्हैस विकणारे आम्हीच.

आणि उतारा म्हणून जी हळद आपण घेतों तिचीच गोष्ट पाहा. हळद उंदरांना सांवरते, म्हणून हळदीचें दूध घ्या असें सांगतात. पण तीच हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यावर शिशाचा पिवळा क्षार चोपडणारे व्यापारी आहेत. शिसें पुरुषाच्या बीजाला घातक आहे, ह्याला उंदराची साक्ष लागत नाहीं. बॅटरीच्या कारखान्यांतील कामगारांत तें माणसांतच दिसलें आहे. म्हणजे उतारा म्हणून घेतलेल्या वाटींतच विष! बांगलादेशांत २०१९ सालीं बाजारांतील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसें सांपडलें. तेथील सरकारनें काय केलें? लोकांना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या वाटल्या नाहींत. घाऊक पेठेंत जाऊन यंत्रानें जागच्या जागीं हळद तपासली, दोषी व्यापाऱ्यांना उघड दंड केला, व त्याचा गाजावाजा वर्तमानपत्रांतून व दूरदर्शनवरून करविला. २०२१ सालीं पुन्हां नमुने घेतले तों शिसें असलेला एकही नमुना निघाला नाहीं. दोन वर्षांत! ज्या देशाला आमचे लोक गरीब म्हणून नाक मुरडतात, त्यानें हें करून दाखविलें. सांगली व वसमतच्या बाजारपेठांनीं देशाला हळद पुरवावी, आणि आपल्या खेड्यांतील बाईनें विकत घेतलेली पूड शुद्ध आहे कीं नाहीं हें तिला सांगणारा कोणी नसावा, ही आमची प्रगति!

ह्यावर कोणी म्हणेल, बंदी तर होते कीं! होते, पण कोणावर? गोव्यांत म्हापशाच्या नगरपालिकेनें २०२४ सालीं गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली. कारणें दिलीं तीं रंगाचीं व अस्वच्छतेचीं. तीं खोटीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण गाडीवाला हा रंग घरीं पिकवीत नाहीं. तो कोठल्या तरी दुकानांतून पुडी विकत घेतो. त्या दुकानाला घाऊक व्यापारी पुरवितो. त्या व्यापाऱ्याला कारखाना पुरवितो. गाडा उलटविणें सोपें असतें, कारण गाड्याला चाकें असतात; कारखान्याला नसतात. आमचें म्हणणें असें कीं, गाडीवाल्याला योग्य रंग व योग्य माप शिकवावें, न ऐकल्यास दंडही करावा. पण बेड्या पडावयाच्या तर त्या कापडाचा रंग अन्नाचा म्हणून विकणाऱ्या हातांत पडल्या पाहिजेत.

आतां करावयाचें काय? पहिली गोष्ट पुरुषांनीं करावयाची. वर्षभर संसार करूनही मूल राहिलें नाहीं, तर नवस बोलण्यापूर्वीं, अंगारा घेण्यापूर्वीं व बायकोच्या पोटांत दुर्बीण घालण्यापूर्वीं आपली वीर्यतपासणी करून घ्यावी. दोष निघाल्यास लाज धरूं नये. वृषणाच्या शिरा फुगणें हें अशा पुरुषांत वारंवार सांपडणारें कारण आहे व त्यावर उपाय आहे. तंबाखू, विडी, दारू व तालमींत टोंचून घेतात तीं अंग फुगविण्याचीं औषधें सोडावीं, फवारणी करतांना अंग झांकावें, आणि अडीचतीन महिन्यांनीं पुन्हां तपासावें; कारण नवें बीज पिकावयास तितके दिवस लागतात. आधीं तंबाखूची पुडी सोडावी, मग अँटिऑक्सिडंटची घ्यावी कीं नाहीं हें डॉक्टरास विचारावें. एका गालांत तंबाखू व दुसऱ्या गालांत गोळी, हा न्याय शुक्रजंतूंना समजत नाहीं.

दुसरी गोष्ट घरानें करावयाची. हळकुंडें आणून घरीं किंवा डोळ्यांसमोर दळावीं. पेलाभर पाण्यांत चमचाभर हळद टाकून पाहावी. शुद्ध हळद खालीं बसते व पाणी फिकट पिवळें राहतें, रंग मिसळला असेल तर पाणी गडद पिवळें होतें. ह्या परीक्षेंत सगळी लबाडी पकडली जात नाहीं, पण ढोबळ चोर सांपडतो. बंद पाकिटावर १०२, ११०, १२२, १२४ असे आंकडे दिसले, तर ते कृत्रिम रंगांचे आहेत हें शाळेंत जाणाऱ्या पोराला शिकवून ठेवावें. तो वाचील व आईला सांगेल.

तिसरी गोष्ट गांवानें करावयाची. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याच्या ४० व्या कलमानें कोणाही खरेदीदाराला फी भरून विकत घेतलेला पदार्थ सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि पदार्थ खराब निघाल्यास ती फी परत मिळते. हा हक्क किती गांवांनीं वापरला? जत्रेच्या कमानीला व लाउडस्पीकरला जी पट्टी गोळा होते, तिच्यांतील थोडा पैसा जत्रेंतल्या जिलबीचे व लाल शेवेचे नमुने तपासण्यास काढला, तर देव कांहीं रागावणार नाहीं. ग्रामसभेंत ठराव करावा, जिल्ह्याच्या अन्न व औषध कचेरीला तो पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसूं नये.

असो. शेवटीं पुन्हां त्या बाजारांत जाऊं. तीं तीन दुकानें उद्यां उठणार नाहींत हें आम्हांला ठाऊक आहे. पण पुढच्या बाजाराच्या दिवशीं त्या पोराला जिलबीच्या दुकानावरून हाताला धरून कोणी तालुक्याच्या तपासणीला नेलें, आणि देवळाच्या ओट्याशीं खालीं मान घालून बसलेल्या त्या पोरीला 'ऊठ बाई, घरीं चल, तुझ्या एकटीचा हा प्रश्न नाहीं' असें तिच्या सासूनेंच म्हटलें, तर ह्या लेखाच्या शाईचे पैसे फिटले असें आम्ही समजूं.